होतंय की, साहेब

गेल्या श्रावणात लातूरहून परभणीला येणाऱ्या एसटीत शेजारी एक गृहस्थ बसले होते. मांडीवर गच्च भरलेली पिशवी. पोरगा लातूरला नीटच्या तयारीला ठेवलेला, त्याचे मळके कपडे धुवायला घरी घेऊन चालले होते. रेणापूर मागं पडल्यावर त्यांनी विचारलं, "तुमचं काय असतंय?"

"कोचिंग करतो," मी म्हणालो.

ते एकदम सरसावून बसले. "कोणता विषय? फिजिक्स?"

"नाही, कारखान्यातले सुपरवायझर, मॅनेजर, मालक. त्यांचं कोचिंग."

"आता त्यांला काय शिकवायचं राहिलंय?"

"गप्प बसायला."

ते मोठ्यानं हसले, मीही हसलो. नंतर बराच वेळ दोघं खिडकीबाहेर बघत राहिलो. परळीच्या थर्मलची धुरांडी दिसायला लागली तेव्हा ते हळूच म्हणाले, "आमच्या भावाचा एक साहेब आहे. त्याला घेता का?"

खरं तर चूक त्यांची नव्हती. कोच हा शब्द मुळात हंगेरीतल्या कोच नावाच्या गावाचा. तिथं बनणाऱ्या घोडागाड्या नावाजलेल्या होत्या, म्हणून गाडीलाच लोक कोच म्हणायला लागले. पुढं १८३० च्या सुमारास ऑक्सफर्डच्या पोरांनी परीक्षा पार करून नेणाऱ्या शिकवणीच्या मास्तरला चेष्टेनं तेच नाव दिलं. म्हणजे लातूरचा अर्थ जुना आणि माझाच नवा. फरक एवढाच की लातूरच्या सरांकडं उत्तर असतं. माझ्याकडं आलेल्या माणसाचं उत्तर बहुतेक वेळा त्याच्याच कारखान्यात, त्याच्यापासून वीस पावलांवर, मशीनपाशी उभं असतं. ते त्याच्याशी बोलत नाही, एवढीच अडचण असते.

हे मला कुठल्या कोर्समध्ये कळलं नाही.

मी १९९८ साली वाळूजला लागलो. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. बजाजचा कारखाना १९८५ ला वाळूजला आला आणि त्याच्या आसपास ब्रॅकेट, क्लॅम्प, नळ्या, सीटचे सांगाडे असलं काहीबाही बनवणारे लहानमोठे कारखाने उभे राहिले. तसल्याच एका प्रेस शॉपमध्ये मी आधी ट्रेनी, मग दोन वर्षांत शिफ्ट इनचार्ज. वय पंचवीस. शंभर टनी पॉवर प्रेसवर एक ऑपरेटर होते, माझ्या वडिलांपेक्षा चार-पाच वर्षांनीच लहान. सगळं शॉप त्यांना काका म्हणायचं. मी सोडून. मी त्यांना अरे-तुरे करायचो, कारण माझ्या आधीचा इनचार्ज करायचा, आणि मला वाटायचं की खिशाला दोन पेनं लावणाऱ्या माणसानं असंच बोलायचं असतं.

एका सकाळी ते हातात पार्ट घेऊन माझ्या टेबलापाशी आले. "साहेब, बर यायलीय." बर म्हणजे पत्रा कापल्यावर कडेला राहणारी धार. ती थोडी असतेच, पण वाढायला लागली की समजायचं, पंचाची धार गेली किंवा पंच आणि डायमधली फट बिघडली. पंच म्हणजे वरून येऊन पत्रा कापणारं हत्यार, डाय म्हणजे त्याच्याखालचा साचा. त्यांनी पार्टच्या कडेवरून अंगठा फिरवून दाखवला. मी पार्ट हातातसुद्धा घेतला नाही. म्हणालो, "ते क्वालिटीवाला बघेल. तू तुझा नंबर काढ."

त्यानंतरचे तीन दिवस राऊंड मारताना मी त्यांना रोज विचारलं, "कसं चाललंय?" आणि त्यांनी रोज सांगितलं, "होतंय की, साहेब."

चौथ्या दिवशी सेकंड शिफ्टला पंच तुटला, तुकडा आत अडकला आणि पुढच्या ठोक्याला डाय तडकली. डाय एकच. गिऱ्हाइकाची लाइन उभी राहिली. प्लांट हेडनं मला उभं केलं, मी काकांना. शॉपच्या मधोमध, सगळ्यांदेखत ओरडलो, "का सांगितलं नाहीस?" सांगितलं होतं की, असं ते म्हणू शकले असते. आजूबाजूचे चार जण तसं म्हणू शकले असते. काकांनी नुसतं स्वतःच्या हाताकडं पाहिलं. उजव्या अंगठ्याला वायरमनची काळी टेप गुंडाळलेली होती, दोन-तीन थरांची. "चुकलं साहेब," ते म्हणाले.

त्यांना मेमो मिळाला. मला काही मिळालं नाही. मेमोवर सही माझी होती.

पुढं प्रमोशनं झाली, नोकऱ्या बदलल्या, आणि चाळिशीत मी हे कोचिंगचं शिकायला गेलो. तिथं टिमोथी गॅलवे नावाच्या एका अमेरिकन टेनिस कोचबद्दल ऐकलं. त्यानं १९७४ साली लिहिलं होतं की मी सूचना जितक्या कमी देतो तितका शिकणारा लवकर शिकतो. मनगट असं धर, खांदा तसा फिरव, हे सोडून तो नुसतं सांगायचा: चेंडू टप्पा खाईल तेव्हा "टप्पा" म्हण, रॅकेटला लागेल तेव्हा "फटका" म्हण. बाकी काही करू नकोस. माणूस चेंडूकडं बघायला लागला की मनगट आपलं आपण वळतं. हीच रीत पुढं ज्यांनी ऑफिसात आणि कारखान्यात आणली त्यांतले एक जॉन व्हिटमोर, एके काळचे मोटार शर्यतीतले ड्रायव्हर. त्यांच्या पद्धतीत प्रश्नांचे चार टप्पे असतात: पोचायचंय कुठं, आज आहोत कुठं, वाटा कोणत्या, आणि यातलं तू करणार काय. कागदावर चारी टप्पे सारख्याच चौकोनात काढलेले असतात. आमच्या मराठवाड्यात सगळा वेळ दुसऱ्या चौकोनात जातो. आज आहोत कुठं? होतंय की, साहेब.

या "होतंय की"चा अर्थ मला माझ्या मामांच्या टोळीत कळायला हवा होता. मामा धारूर तालुक्यातले, ऊसतोडीचे मुकादम. बारा कोयत्यांची टोळी. एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. दहा वर्षांचा असताना एका सुट्टीत मी त्यांच्याबरोबर पश्चिम महाराष्ट्रातल्या एका फडावर आठ दिवस राहिलो होतो. कोपीत झोपायचं. एकदा रात्री तीनला गाडी आली आणि सगळ्यांना उठवलं. थंडी अशी की दात वाजत होते. एका बाईला ताप होता, तिच्या डोक्यावर मोळी आणि पाय फळीवर. मामांनी खालून विचारलं, "होईल का गं?" ती म्हणाली, "होतंय की."

परवा शहरातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये एक वक्ते टीमवर्कवर बोलताना ऊसतोड टोळीचं उदाहरण देत होते. काय तो ताळमेळ, काय ती शिस्त, ना अपॉइंटमेंट लेटर ना एचआर. टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत. त्या टोळीतल्या प्रत्येक कोयत्यानं हंगामाआधीच उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत "जमत नाही" म्हणायची सोय नसते. एक दिवस बसलं की खाडा लागतो. माझे मामा माणूस वाईट नव्हते, प्रत्येकाच्या घरची खडान्‌खडा माहिती त्यांना होती. पण कारखान्याचे पैसे त्यांच्याही डोक्यावर होतेच. वरपासून खालपर्यंत सगळेच "होतंय की". कंपनीत उचल नसते, पण सहा महिन्यांनी ब्रेक देणारा ठेकेदार असतो, फ्लॅटचा हप्ता असतो, आणि "याला फार तोंड आहे" असा एकदा बसलेला शिक्का असतो.

मग आम्ही त्याच माणसांना हॉलमध्ये बसवतो आणि म्हणतो, मोकळेपणानं बोला.

दुसरी गंमत "का"ची. टोयोटाच्या ताइची ओहनोंनी रुजवलेली पाच वेळा "का" विचारायची पद्धत आता एमआयडीसीतल्या भिंतीभिंतीवर लागलेली आहे. मशीन का थांबलं, फ्यूज का उडाला, बेअरिंग का अडकलं, असं करत मुळापर्यंत जायचं. पद्धतीत खोट नाही. पण ती मराठीत विचारून बघा. शेंद्र्याच्या एका कारखान्यात मी एका तरुण सुपरवायझरला ती राबवताना पाहिलं. पार्ट तिरका का लागला? लक्ष नव्हतं. लक्ष का नव्हतं? झोप झाली नाही. झोप का झाली नाही? पोरगी आजारी होती. चौथा "का" आला तेव्हा ऑपरेटरच्या डोळ्यांत पाणी होतं आणि पार्ट धरून ठेवणाऱ्या फिक्स्चरच्या झिजलेल्या पिनकडं कुणाचंच लक्ष नव्हतं.

आपल्याकडं "का" हा प्रश्न म्हणून फार कमी वेळा येतो. का गेलतास तिकडं? का हसतूस? पाढे का पाठ नाहीत? मराठी पोराच्या कानात "का"च्या पाठोपाठ धपाटा येतो, आणि तो कान घेऊनच माणूस मशीनवर उभा राहतो. म्हणून माझ्याकडच्या लोकांना पहिले तीन आठवडे "का" बंद असतो. कधीपासून, कुठल्या बाजूला, काय दिसलं, त्याच्या आधी काय बदललं, असं विचारायचं. "का सांगितलं नाहीस" ऐवजी "तुला पहिल्यांदा कधी जाणवलं". उत्तर तेच हवं असतं, पण माणूस आरोपी न राहता साक्षीदार होतो. साक्षीदाराला बोलायला आवडतं. आमच्या भागात तर फारच.

आणखी एक बारीक बदल. "काही अडचण आहे का?" याचं उत्तर ठरलेलं आहे, "नाही". त्याऐवजी "काय अडचण येईल?" असं विचारलं की अडचण असणार हे साहेबानंच कबूल केलेलं असतं. सांगणाऱ्याच्या डोक्यावरचं अर्धं ओझं उतरतं.

एमी एडमंडसन हार्वर्डला शिकत असताना रुग्णालयातल्या टीमचा अभ्यास करत होत्या. औषध देण्यातल्या चुका कुठं किती होतात, हा विषय. चांगल्या टीममध्ये चुका कमी निघतील असा अंदाज होता. निघालं उलटंच, ज्या टीमचं आपसांत चांगलं जमत होतं तिथं चुकांची नोंद जास्त. मग लक्षात आलं की चुका जास्त होत नव्हत्या, सांगितल्या जास्त जात होत्या. त्यातून पुढं १९९९ साली त्यांनी टीममधल्या मानसिक सुरक्षिततेची कल्पना मांडली. हे वाचलं तेव्हा मला डोळ्यांपुढं लाल बिन दिसला. प्रत्येक शॉपमध्ये रिजेक्ट माल टाकायला एक लाल बिन असतो. मी कुठल्याही नव्या कारखान्यात गेलो की आधी तो बघतो. रिकामा आणि धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर मला काळजी वाटते. असल्या एका ठिकाणी मी सहज स्क्रॅपच्या ढिगात हात घातला तर चांगल्या कात्रणांखाली चाळीस-पन्नास खराब पार्ट पुरलेले निघाले. माणसं हुशार असतातच. हुशारी कुठं वापरायची ते साहेबाच्या चेहऱ्याकडं बघून ठरतं.

जालन्याचा अनुभव सविस्तर सांगतो, कारण तो माझ्याही अंगाशी आला.

जालना म्हणजे बियाणं आणि स्टील. तिथल्या एका भट्टीचा तरुण मालक माझ्याकडं आला. वडिलांकडून कारखाना हाती आलेला, वय पस्तीसच्या आसपास. तक्रार नेहमीचीच: "सर, माणसं जबाबदारीच घेत नाहीत. सगळं मला सांगावं लागतं." मी त्याच्या सकाळच्या मीटिंगमध्ये कोपऱ्यात घड्याळ घेऊन बसलो. मीटिंग बेचाळीस मिनिटं चालली, त्यात तो पस्तीस मिनिटं बोलला. नऊ प्रश्न विचारले, सातांची उत्तरं स्वतःच दिली. कागद त्याच्यापुढं ठेवला. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "वडील याहून जास्त बोलायचे."

त्याला एकच गृहपाठ दिला. प्रश्न विचारायचा आणि टेबलाखाली अंगठ्यानं बोटांची पेरं मोजायची. आठ पेरं होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. पहिला आठवडा तो तिसऱ्या पेराच्या पुढं गेला नाही. मला फोन करून म्हणाला, "सर, व्यायामशाळेत वजन उचलणं सोपं आहे."

चौथ्या आठवड्यात मी तिथं होतो. महिनाअखेर. रात्रीत तीन हीट काढायच्या होत्या, म्हणजे भट्टी तीनदा भरून वितळवून रिकामी करायची. भट्टीला आतून लायनिंग असतं. प्रत्येक हीटला ते थोडं थोडं खातं, आणि फार पातळ झालं की वितळलेलं लोखंड वाट फोडून बाहेर येऊ शकतं. तिथं काम करणारा माणूस ते स्वप्नातसुद्धा विसरत नाही. मालकानं विचारलं, "आज तीन हीट घेतल्या तर काय अडचण येईल?" आणि थांबला. एक पेर, दोन पेरं. प्रॉडक्शन मॅनेजर म्हणाला, "होऊन जाईल, सर." एरवी इथं मीटिंग संपायची. अंगठा चालूच होता, मला टेबलाच्या बाजूनं दिसत होता. बाहेर क्रेनचा भोंगा वाजला. कुणीतरी खाकरलं. सहाव्या पेराला दाराशी उभा असलेला भट्टीवाला बोलला. बिहारचा माणूस, जालन्यात बारा वर्षं काढलेली, पण मीटिंगमध्ये खुर्ची कधी न मिळालेला.

"सेठ, दो निकलेगी. तीसरी मत लीजिए."

मॅनेजरनं त्याच्याकडं असं पाहिलं की माझ्या पोटात गोळा आला. मालकाचा चेहरा लाल झाला होता. "क्यों" त्याच्या ओठांवर आलेला मला दिसला. त्यानं तो गिळला. म्हणाला, "तुमको क्या दिखा?"

मग तो माणूस पाच मिनिटं बोलला. भट्टी रिकामी करताना एका बाजूला खळगा दिसतो, तो कालपेक्षा मोठा आहे, हातानं किती मोठा ते दाखवलं. पायाखालच्या फरशीवर खडूनं गोल काढून जागा दाखवली. बारा वर्षांचा भट्टीवाला, आणि त्याला हे विचारणारं त्या दिवसापर्यंत कुणी भेटलं नव्हतं.

दोन हीट घेतल्या. तिसरी निघाली असती का? कुणी सांगावं. कदाचित निघालीही असती. दुसऱ्या दिवशी एक ट्रक अर्धा भरून गेला, गिऱ्हाइकानं शिव्या घातल्या, आणि संध्याकाळी मालकाचा मला फोन: "सर, हे नुकसान कुणाच्या खात्यात लिहू?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. पेरं मोजायलाही सुचलं नाही. जे घडलं नाही त्याची पावती फाडता येत नाही, आणि माझा सगळा धंदा असल्या न फाडलेल्या पावत्यांवर चालतो. पुढच्या महिन्यात त्यानं माझं बिल मात्र वेळेवर दिलं.

सगळीकडं असं होत नाही. मे महिन्यात एका कारखान्यात सुपरवायझरांची बॅच घेत होतो. बाहेर बेचाळीस डिग्री. मी ऐकून घेण्यावर बोलत होतो, तेव्हा मागच्या रांगेतल्या एकानं हात वर केला. "सर, एक विचारू का? प्रश्न विचारून पंखा चालू होतो का?" आख्खी बॅच हसली. चौकशी केली तर वेल्डिंगच्या बाजूचा मोठा पंखा महिनाभर बंद होता. दुरुस्तीची मागणी तीन सह्यांमध्ये अडकलेली, आणि माझ्या ट्रेनिंगची फी मात्र एका सहीत मंजूर. त्या दिवशी मी पुढचं सत्र घेतलं नाही. त्या सुपरवायझरला बरोबर घेऊन वरच्या साहेबांच्या एसी केबिनमध्ये गेलो. पंखा चार दिवसांत लागला. मला त्या कारखान्यानं परत बोलावलं नाही. जिथं पगार वेळेवर होत नाही, पिण्याचं पाणी गरम येतं, तिथं कोच पाठवणं म्हणजे तापलेल्या माणसाला अभंग ऐकवणं. अभंग चांगलाच असतो, पण आधी पाणी द्या.

काकांना मी मागच्या वर्षी भेटलो. बजाजनगरला मुलाची रसवंती आहे, तिथं गल्ल्यावर बसतात. मला त्यांनी आधी ओळखलं. "बसा साहेब." मी म्हणालो, "साहेब नका म्हणू, काका." त्यांना काका म्हणायला मला चोवीस वर्षं लागली. त्यांनी त्यावर काही म्हटलं नाही, पोराला आलं-लिंबू घालून एक ग्लास सांगितला.

मी मेमोचा विषय काढला. "आहे की तो अजून," ते म्हणाले. "पोराच्या शाळेच्या दाखल्याच्या फायलीत." रागानं म्हणाले नाहीत आणि माफीनंही नाही. अंगठ्यावर एक पांढरी रेघ होती, पण ती त्या वेळचीच असेल असं नाही. प्रेसवर तीस वर्षं काढलेल्या हातावर रेघा पुष्कळ असतात.

"काका, त्या तीन दिवसांत तुम्हाला नेमकं काय जाणवत होतं?"

त्यांनी माझ्याकडं जरा वेळ पाहिलं. मग रसाचा रिकामा स्टीलचा ग्लास उपडा केला, गल्ल्यातलं पाच रुपयांचं नाणं घेतलं आणि ग्लासाच्या बुडावर आपटलं. ठक्. "ही चांगली प्रेस." मग नाणं जरा तिरकं धरून पुन्हा आपटलं. "आणि ही आपली." मागं चरख्याची घरघर चालू होती, घुंगरं वाजत होती. मला दोन्ही आवाज सारखेच वाटले.

"आला का लक्षात फरक?"

होय म्हणणार होतो. तोंडावर आलंच होतं.

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी पोराला चरखा बंद करायला सांगितला, आणि पुन्हा नाणं उचललं.